मागायला न आलेल्या माणसाचा डबा

जुलै महिना लागला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माझा भाव वधारायचा. एरवी मला गणिताच्या मॅडम यापलीकडे कुणी फारसं विचारत नसे, पण आयकराचं विवरणपत्र भरायची मुदत जवळ आली की मुख्याध्यापकसुद्धा स्वतः उठून खुर्ची सरकवून देत. फॉर्म सोळा, घराच्या कर्जाचं व्याज, विम्याचे हप्ते, कुठल्या रकान्यात काय टाकायचं, सगळं मला तोंडपाठ. मी कुणाकडून एक पैसा घेत नसे आणि त्याचा मला कोण अभिमान! एकदा एक सर बायकोच्या नावावरच्या ठेवीचं व्याज दाखवायचं नाही म्हणून हटून बसले, तेव्हा मी त्यांना चारचौघांत सुनावलं, "सर, लपवायचंच असेल तर दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या." बिचारे एवढंसं तोंड करून बसले. आज ते सर समोर आले की मीच मान खाली घालते. त्यांना वाटतं, मॅडमचा राग अजून गेला नाही.

मी त्यांना हे बोलले, त्या दिवशी माझं स्वतःचं लपवणं सुरू होऊन वर्ष होत आलं होतं.

आमचा मळा वाशीम शहराला अगदी लागून आहे. दीड एकर. बाबा भाजी काढतात आणि माय ती बाजारात नेऊन विकते. मेथी, पालक, आंबटचुका, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि सांभार तर बाराही महिने. पुण्याकडच्या लोकांना सांभार म्हटलं की वाटीतलं पातळ आठवतं, आमच्याकडे ती कोथिंबीर. मायला लिहिता-वाचता येत नाही. सही तेवढी येते, तीसुद्धा मी शिकवलेली, म्हणून माझ्या अक्षरासारखी दिसते.

गिऱ्हाइकांनी दहा रुपयांच्या जुडीसाठीही मोबाइल पुढे करायला सुरुवात केली, तेव्हा मायचं बँकेतलं खातं अ‍ॅपला जोडून तिला क्यूआर कोडची पाटी आणि पैसे आले की बोलणारं खोकं मीच आणून दिलं. खात्याला जोडलेलं सिम माझ्या फोनमध्ये, अ‍ॅपही माझ्याच फोनमध्ये. मायकडे फक्त पाटी आणि खोकं. खोक्यातून एक बाई हिंदीत सांगायची, 'बीस रुपये प्राप्त हुए.' माय तिला खोक्यातली बाई म्हणायची, आणि सुरुवातीला तर ती बोलली की "बरं बाप्पा" म्हणून उत्तरही द्यायची.

मायच्या ओळीत आणखी तिघी बसतात. एक लिंबं-मिरच्यांची, एक सांभाराची, आणि रिठदहून फक्त बाजाराच्या दिवशी वांगी घेऊन येणारी म्हातारी, जिला सगळा बाजार मावशी म्हणतो. या तिघींकडे साधे बटणाचे फोन. मग त्यांची गिऱ्हाइकं मायच्या पाटीवर पैसे टाकायची. कुणाचे किती आले हे लक्षात ठेवायला मायने तिघींचे तीन डबे ठेवले: एक चहापत्तीचा, एक पावडरचा, एक लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी. खोक्यातली बाई म्हणाली 'तीस रुपये', आणि गिऱ्हाईक मावशीचं असलं, की मावशीच्या डब्यात तीन चिंचोके. दहाला एक. पाच रुपयांसाठी फोडलेला अर्धा चिंचोका. संध्याकाळी बाजार उठताना माय प्रत्येकीचा डबा पोत्यावर उलटा करायची, चिंचोके मोजायची, आपल्या कमरेच्या पिशवीतून तेवढे रोख पैसे काढून द्यायची आणि विचारायची, "पाय, बरोबर हाय ना?" समोरची पाहून हो म्हणाल्याशिवाय ती डबा उचलत नसे. मी एकदा म्हटलं, "माय, एक वही घे ना." तर म्हणाली, "वही मले वाचता येते का? मंग ते तुले विचारत बसावं लागन."

माझ्याशी मात्र तिचा हिशोब नव्हता. पगार झाला की मी घरखर्चाचे पैसे तिच्या हातात ठेवायचे आणि ती न बघता पिशवीत सरकवायची. मोज तरी, म्हटलं, तर म्हणायची, "घरच्याचं काय मोजाचं वं?"

शाळा बंद होत्या त्या काळात मी ऑनलाइन शिकवायला शिकले आणि ते मला चांगलं जमलं. शाळा उघडल्यावर एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीतून पुण्याची दोन मुलं आली, मग तिसरं. महिन्याला प्रत्येकी दोन हजार. अडचण एकच होती, आमच्या नोकरीत खाजगी शिकवणीला मनाई आहे. शिवाय माझा पगार करपात्र, म्हणजे वरचं सगळं उत्पन्न दाखवलं की त्यातला हिस्सा सरकारला. एका पालकांनी विचारलं, "मॅडम, पैसे कुठे पाठवू?" मी क्षणभरही न थांबता मायच्या क्यूआर कोडचा फोटो पाठवला. किती सोपं होतं ते! शेतीचं उत्पन्न करमुक्त, माय विवरणपत्र भरत नाही, भाजीच्या दहा-वीसच्या गर्दीत कोण बघतंय. इतरांना सांगायचे ते सगळे नियम मला पाठ होते, आणि ते पाठ असल्यामुळेच मला पळवाट सापडली.

मला खोक्याचा विसर पडला होता.

पहिल्या महिन्यात माय घरी आली, भाजीची टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "आज खोक्यातली बाई दोन हजार आले म्हने. समोर तं कोनीच नोतं."

मी वह्या तपासत होते. तेव्हाच सांगून टाकलं असतं, तर माय दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण मायच्या पोटात काही राहत नाही, उद्या बाजारभर होईल, तिथून शाळेत जाईल, ही भीती. मी वहीतून मान वर न काढता म्हटलं, "कोनाचे तरी चुकून आले असतीन."

"मंग मागाले येईन तो."

"येईन ना."

"खर्च नको करजो वं. बाजूले ठेवजो."

"हो."

एवढंच. पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मायने स्वतःच त्याचा उलगडा करून टाकला. दर महिन्याला सुरुवातीलाच दोन-दोन हजार करून येतात म्हणजे कुणीतरी म्हातारा असणार, शिकायला ठेवलेल्या पोराला खर्चाचे पैसे पाठवत असणार, नि त्याच्याकडून दर वेळी चुकीचं बटण दाबलं जात असणार. "आपल्या इथं येतात, मंग तिकडं त्या पोराले काय भेटत असन?" ती म्हणायची. तिने बाजारात चारजणांना विचारलं. भाजी घ्यायला येणाऱ्या बँकेतल्या एका शिपायालाही विचारलं. मला दर महिन्याला विचारायची, "त्या मानसाचा काही पत्ता लागला का?" मी नाही म्हणायचे. मग कधीतरी तिने विचारणं बंद केलं आणि मला वाटलं, विसरली. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

त्या पैशांतून मी स्कूटीचे हप्ते फेडले. घरात फ्रीज आणला. माय आल्या-गेल्याला फ्रीज उघडून दाखवायची, "पोरीच्या पगारातून घेतला." मी शेजारी उभी राहून हसायचे.

पत्र आलं ते बाजारात. पोस्टमन मायला ओळखतो, त्याने विचार केला, मळ्यापर्यंत कशाला जा, इथंच देऊ. मायने ते समोरच्या गिऱ्हाइकाला वाचायला दिलं आणि त्या माणसाने भर बाजारात मोठ्याने वाचलं, आयकर. माय सगळी भाजी लिंबंवालीच्या भरवशावर टाकून दुपारीच घरी आली. असं तिने आजवर कधीच केलं नव्हतं, माझ्या आजीच्या मयतीच्या दिवशीसुद्धा माल विकून आली होती. मी शाळेतून आले तेव्हा ती ओट्यावर बसलेली, पत्र पदरात.

"आपन काय केलं वं?" तिने विचारलं.

मी वाचलं. तुमच्या खात्यात वर्षभरात ऑनलाइन इतकी रक्कम जमा झाली आहे, तुम्ही विवरणपत्र भरलेलं नाही, तरी खुलासा करावा. भाषा साधी होती, धमकी वगैरे काही नाही. त्याआधीचे दोन संदेश मायच्या नावाने मीच काढलेल्या मेलवर येऊन पडले होते, मी उघडलेही नव्हते. इतरांचे मेल मी दिवसातून दोनदा बघायचे.

आणि मग मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पैसे लपवले त्याहून जास्त. मी मायवर ओरडले.

"तुह्या त्या डब्यांमुळे! साऱ्या बाजाराचे पैसे आपल्या खात्यात घ्याले कोनं सांगतलं होतं तुले? फुकटची हमाली! सरकारले वाटते सारे तुहेच पैसे. आता भर कर."

माझा आवाज बराच चढला होता, बाबा मळ्यातून बघायला आले. मायला माझं सगळं पटलं, कारण शिकलेली मी होते. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मले जेलात नेतीन का?"

मी म्हटलं, "नाही नेत. मी पायतो काय कराचं ते." वर उपकार केल्यासारखं.

पुढच्या बाजारी मायने तिघींना सांगितलं की आजपासून माझ्या स्कॅनरवर तुमचे पैसे नकोत. मी शाळेतून येताना मुद्दाम बाजारावरून आले. मावशीची निम्मी वांगी तशीच होती. गिऱ्हाईक येई, मोबाइल काढी, मावशी नाही म्हणून मान हलवी, गिऱ्हाईक पुढे जाई. अंधार पडायच्या आत तिला रिठदची गाडी गाठायची होती, म्हणून तिने उरलेली वांगी एका दुकानदाराला मिळेल त्या भावात देऊन टाकली. जाताना ती मायला म्हणाली, "माह्यामुळं तुले सरकारचा कागद आला, मले माफ कर बाई." माय रडली. मी स्कूटीवर बसून हे ऐकत होते. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी गाडी चालू केली नि घरी आले.

घरी येऊन खुलासा लिहायला बसले. आयकराच्या संकेतस्थळावर अशा वेळी पर्याय दिलेले असतात: माहिती बरोबर आहे, उत्पन्न करपात्र नाही, रक्कम दुसऱ्या व्यक्तीची आहे. मायच्या भाजीचे पैसे शेतीचे, त्याचा प्रश्न नव्हता. तिघींचे पैसे दुसऱ्यांचे, तोही प्रश्न नव्हता. सगळा बाजार जमेला धरूनही शेवटी जी रक्कम उरत होती आणि जिचा खुलासा होत नव्हता, ती माझीच होती. म्हणजे डबे निर्दोष होते, हे मला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. मी संगणक बंद केला, चहा केला, पुन्हा येऊन बसले, आणि माझी रक्कम तिघींमध्ये वाटून टाकली. वर्ग घेताना फळ्यावर मुलांना भागाकार शिकवावा इतक्या शांतपणे. लिंबंवालीला पेपर वाचता येतो, म्हणून तिच्या नावावर थोडी. सांभारवालीचा नवरा हुशार आहे, म्हणून तिच्याही थोडीच. सर्वांत जास्त टाकली मावशीच्या नावावर, कारण तिला वाचता येत नाही आणि ती कधी विचारणार नाही.

तीन कागद छापले. 'मी खाली अंगठा करणार लिहून देते की, माझ्या मालाचे इतके इतके रुपये मी अमुक यांच्या क्यूआर कोडवर स्वीकारले व रोखीने परत घेतले.' शाईचा पॅड घेतला. सोबत बिस्किटाचे तीन पुडे घेतले, ते कशासाठी ते माझं मलाच कळलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी होती. मी मावशीसमोर उकिडवी बसले. "मावशी, हा कागद देला की मायले काही होत नाही," मी म्हटलं.

मावशीने लगेच हात पुढे केला. बोटांना वांग्याच्या देठांचे काटे लागून लागून कातडं निबर झालेलं. "तुह्या मायनं मले आजवर अर्धा चिंचोका कमी देला नाही," ती म्हणाली. "लाव कुठी लावाचा अंगठा."

मी पॅडचं झाकण उघडलं. तेवढ्यात माय आपल्या पोत्यावरून म्हणाली, "आंधी वाचून तं दाखव. किती लिव्हले मावशीचे?"

मी इकडे-तिकडे पाहिलं नि हळूच आकडा सांगितला. पंच्याहत्तर हजार.

माय सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती, ती थांबली. मग म्हणाली, "मावशे, आज राहू दे अंगठा. पुढच्या बाजारी पाहू."

"काहून माय? मुदत हाय त्याले," मी म्हटलं.

"राहू दे म्हनलं ना."

मायने मला असं कधी अडवलं नव्हतं. मी कागद आवरले. बिस्किटाचा पुडा मावशीच्या हातात दिला, तिने तो नातवासाठी ओच्यात बांधून ठेवला.

संध्याकाळी माय घरी आली ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. हातपायही धुतले नाहीत. "मावशीच्या डब्यात एका बाजारी साठ-सत्तर चिंचोके होतात," ती म्हणाली. "लयच झाले तं ऐंशी. वर्साचे बाजार बावन्न. त्यातले पावसाचे सोड, तिच्या पायाचं ऑपरेशन झालं ते दोन महिने सोड. तीस हजाराच्या वर जातच नाही. तू पंच्याहत्तर कुठून आनले?"

मी गणित शिकवते. वीस वर्षं शिकवल्यावर माझ्या मायने माझं गणित तपासलं आणि ते तोंडी तपासलं.

माय उठली, धान्याच्या कोठीमागे हात घालून तिने एक स्टीलचा डबा काढला. माझाच डबा, मी प्राथमिक शाळेत नेत असे तो. तिने तो माझ्यासमोर ठेवून उघडला. काठोकाठ सागरगोटे. मी लहानपणी खेळायचे ते, आणि आणखी कुठून कुठून गोळा केलेले.

"हे लिव्हलं का त्या कागदात?" तिने विचारलं.

"हे काय हाय?"

"त्या म्हाताऱ्याचे. चुकून येतात ना, ते. हजाराले एक." ती मला समजावू लागली, जसं काही मी विसरले होते आणि ती मला आठवण करून देत होती. "तुह्या हिशोबात जे जास्त होऊन राह्यलं ते याचं असन. तू आपलं ते मावशीच्या डोक्शावर टाकलं. तसं नको करू. आयकरवाल्यायले लिही, एक मानूस हाय, त्याचे पैसे आमच्याकडं हायेत, तो मागाले येत नाही, तुमीच त्याचा पत्ता काढा. सरकारले सारं सापडते. भेटन तो. आपन देऊन टाकू."

इतर तीन डबे संध्याकाळी बाजार उठताना रिकामे होत. हा दीड वर्षाहून जास्त काळ भरतच गेला होता, कारण याचा मालक आलाच नाही. विसरली, असं मला वाटलं होतं.

मी म्हटलं, "माय, म्हातारा नाही."

"मंग?"

"मीच हाय तो. माह्या शिकवनीचे पैसे हायेत ते."

सांगितलं. सगळं सांगितलं: शाळेचा नियम, कर, पाटीचा फोटो, स्कूटी, फ्रीज. बोलताना माझी नजर त्या डब्याकडे होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मला त्या संध्याकाळी कळलं. मला वाटलं, आता माय ओरडेल, मारेलसुद्धा. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मायने हातातलं झाकण खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "आनं ते पोरगं?"

"कोनतं पोरगं?"

"ज्याले पैसे पोचत नोते."

"तसं कोनी पोरगं नाही वं माय. नोतंच."

तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "मले वाटे, उपाशी तं राहत नसन कुठी."

मी रडायला लागले. दीड वर्षाहून जास्त ती एका नसलेल्या पोराच्या पोटाची काळजी करत होती, आणि मी ती काळजी तिच्या उशाशी ठेवून मजेत झोपत होते. तिने मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मोज."

मी सागरगोटे जमिनीवर ओतून मोजले. एकशे आठ. अ‍ॅपमध्ये माझ्या शिकवणीचे एकशे चौदा हजार होते. तीन वेळा पैसे आले तेव्हा माय बाजारात नव्हती, बाकी एकही हप्ता तिने सोडला नव्हता.

"मावशीचा अंगठा घेतला असता तू?" तिने विचारलं.

खोटं बोलायची सवय एवढ्या लवकर जात नाही. नाही, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मी म्हटलं, "घेतला असता."

माय उठली आणि हातपाय धुवायला गेली.

बाकीचं लवकर उरकलं. मी तिन्ही कागद फाडले. मायच्या खुलाशात भाजीचे पैसे भाजीचे लिहिले, तिघींचे तिघींचे, खऱ्या आकड्यांनी, आणि उरलेल्या रकमेपुढे माझं नाव आणि माझा पॅन क्रमांक टाकला. माझी दोन्ही वर्षांची विवरणपत्रं नव्याने भरली, कर भरला, व्याज भरलं, वरचा दंड भरला. आधीच भरला असता तर तो कर त्या फ्रीजच्या किमतीएवढाही झाला नसता. शिकवण्या बंद केल्या. मुख्याध्यापकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, त्यांनी लेखी समज दिली. त्या जुलैपासून मी कुणाचं विवरणपत्र भरत नाही. आता वेळ नसतो, असं सांगते.

मावशीची माफी मागायला गेले, तर तिला मी काय सांगते तेच नीट कळेना. तिने एवढंच विचारलं, "म्हन्जे आता स्कॅनर चालू झालं?" माय तिच्या पोत्यावरून म्हणाली, "चालू झालं मावशे." मावशीचा चहापत्तीचा डबा पुन्हा आपल्या जागी आला.

मायने मला पुन्हा त्या गोष्टीवरून टोमणा मारला नाही, घालून-पाडून बोलली नाही. फ्रीज मात्र ती आता कुणाला उघडून दाखवत नाही. मला वाटायला लागलं होतं की संपलं सगळं.

मग मागच्या महिन्यात, पुण्याच्या एका पालकांनी राहिलेली जुनी फी आठवणीने पाठवली, ती त्यांच्या फोनमध्ये साठवलेल्या जुन्याच क्यूआर कोडवर. मी शाळेत होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा माय ओट्यावर बसली होती. समोर पोतं पसरलेलं. माझा शाळेतला डबा तिने त्यावर उलटा केला, दोन सागरगोटे बाहेर पडले. तिने कमरेची पिशवी सोडली, दहा-वीसच्या, पन्नासच्या नोटा काढल्या, थुंकी लावून एकेक मोजली आणि माझ्या हातात ठेवल्या.

"अवं माय, राहू दे ना," मी म्हटलं, "घरातच तं हाय."

माय माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजार उठताना लिंबंवालीकडे, सांभारवालीकडे बघते, तशीच ती बघत होती.

"पाय," ती म्हणाली, "बरोबर हाय ना?"